बसथांबा तुमचा, मग बस कोणाची?

प्रति,
राज्यातल्या महानगरपालिकांचे महापौर, स्थायी समिती व परिवहन समितीचे सभासद आणि आयुक्त यांस,

स. न. वि. वि.

राज्यघटनेची बारावी अनुसूची आपल्याला ठाऊक असेलच. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ती आली आणि नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवायचे अठरा विषय तिच्यात लिहिले गेले. त्यातला सतरावा सार्वजनिक सुविधांचा: दिवाबत्ती, वाहनतळ, बसथांबे, स्वच्छतागृहं. हो, बसथांबे. अख्ख्या यादीत बससेवा मात्र कुठेच नाही. म्हणजे शेड उभारायची, बाकडं टाकायचं, ते कोणाच्या निधीतून झालं हे वर मोठ्या अक्षरांत रंगवायचं, इथवर सगळं शिस्तीत बसतं. त्या बाकड्यावर टेकलेल्या माणसासमोर बस येणार की नाही, हा प्रश्न अनुसूचीबाहेर राहून गेला.

राज्याचा कायदाही फार वेगळं सांगत नाही. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये अनिवार्य कर्तव्यं आहेत: पाणी, गटारं, कचरा, रस्ते, दिवे. ती केलीच पाहिजेत. मग येतं कलम ६६, ऐच्छिक कर्तव्यांचं. महापालिकेला वाटलं तर करावं असं बरंच काही त्यात आहे आणि प्रवासी वाहतूक त्यातच आहे. मुंबईचा कायदा १८८८ चा, वेगळा. तिथे बेस्टला स्वतःचं स्थान आहे. बाकी शहरांत बस दुसऱ्या पंगतीला. पहिली पंगत उठल्यावर भांड्यात काय उरलं, त्यावर तिचं पोट.

माझी ओळख एवढीच, की एका महापालिकेच्या परिवहन उपक्रमात लेखा विभागात मी सत्तावीस वर्षं काढली. शहराचं नाव सांगत नाही, कारण निवृत्तिवेतन तिथूनच येतं. या सत्तावीस वर्षांत मी बस चालवली नाही की तिकीट फाडलं नाही. वेबिलं (वाहकांच्या रोजच्या तिकीट हिशेबाचे कागद) तपासली, डिझेलची बिलं पास केली आणि दर महिन्याच्या अखेरीला मुख्यालयाला हप्त्यासाठी पत्रं लिहिली. तो मसुदा अजून पाठ आहे: 'कर्मचाऱ्यांचे माहे अमुकचे वेतन प्रलंबित असून, मंजूर अंदाजपत्रकीय तरतुदीतून रक्कम रुपये अमुक तातडीने वितरित व्हावी, ही विनंती.' महिना आणि आकडा बदलायचा, बाकी मजकूर तोच.

एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

आमच्या डेपोत एकदा एक गाडी सेल्फ स्टार्टरसाठी उभी राहिली. वर्कशॉपच्या फळ्यावर गाडीच्या नंबरापुढे खडूने 'सेल्फ' एवढंच लिहिलेलं. गाडी चांगली होती, इंजिन नुकतंच करून आलं होतं. सुटा भाग मिळत होता नऊ-दहा हजारांना. पण पुरवठादार उधारीवर द्यायला तयार नव्हता, कारण त्याची आधीची तीन बिलं आमच्याकडे पडून होती. बिलं पडून होती कारण महापालिकेचा हप्ता आला नव्हता. हप्ता आला नव्हता कारण आधीच्या हप्त्याच्या विनियोग दाखल्यावर, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याच्या दाखल्यावर, मुख्य लेखापालांच्या कार्यालयाने एक त्रुटी काढली होती. ती त्रुटी काय, तर दाखल्याला जोडलेल्या एका विवरणपत्रावर शिक्का होता, सही नव्हती. सही करायची ते साहेब निवडणुकीच्या कामावर. तेवीस दिवस गाडी जागची हलली नाही. त्या गाडीचे चालक-वाहक रोज हजेरी लावून विश्रांतिकक्षात बसत, कारण त्यांना द्यायला दुसरी गाडी नव्हती. त्यांचा पगार निघाला, अर्थात उशिराच. गाडीने त्या दिवसांत जे कमावलं असतं त्यातून दहा-बारा सेल्फ आले असते. चोविसाव्या दिवशी फोरमनने दुसऱ्या एका मोडक्या गाडीचा सेल्फ काढून हिला लावला. मग ती दुसरी कायमचीच उभी राहिली.

वर्षाच्या शेवटी माझ्याच हाताने तो सगळा खर्च एका ओळीत गेला: 'संचलन तूट'.

हा शब्द आमच्या खात्यात इतका मुरलाय, की बोलताना कुणाला खटकतही नाही. उद्यान विभागाला तूट नसते. दिवाबत्तीला नसते. उड्डाणपुलावरून वर्षाला किती उत्पन्न आलं, असं कुठल्या सभेत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. ते सगळे खर्च, आणि आमचा तेवढा तोटा. शब्दाचा फरक वाटतो, पण पैसा त्या शब्दाच्या मागेमागे जातो. खर्चाची तरतूद वर्षाच्या सुरुवातीला होते. तोटा वर्षाच्या शेवटी मोजतात, मग त्यावर चर्चा होते, मग तो कुणाच्या चुकीने झाला हे शोधतात आणि मग उपकार केल्यासारखा भरून देतात. तोवर सेल्फ लागलेला नसतो.

तुमच्या सभागृहात दरवर्षी कुणीतरी उठून विचारतंच: ही तूट कमी कधी होणार? प्रशासनाचं उत्तरही ठरलेलं: कमी उत्पन्नाच्या फेऱ्या बंद करू. इथे जरा हिशेब मांडू. आकडे मी सोयीचे घेतो, तुमच्या शहराचे तुम्ही घाला. समजा एक बस दिवसाला २०० किलोमीटर धावते. किलोमीटरमागे खर्च १०० रुपये, उत्पन्न ४० रुपये. दिवसाचा खर्च २०,०००, उत्पन्न ८,०००, तूट १२,०००. आता फेऱ्या तोडून बस १६० किलोमीटरवर आणली. कागदावर तूट ९,६०० होते आणि सगळे खूश होतात. प्रत्यक्षात वाचतं फक्त डिझेल, ऑइल आणि टायरची झीज. किलोमीटरमागे ३० रुपये धरले, तर ४० किलोमीटरचे १,२००. चालक-वाहकाचा पगार तोच, विमा तोच, डेपोचं वीजबिल तेच, कर्जाचा हप्ता तोच. आणि त्या ४० किलोमीटरचं उत्पन्न गेलं १,६०० रुपये. तूट १२,४०० झाली.

तुम्ही म्हणाल, तोडल्या त्या रिकाम्या फेऱ्या होत्या, त्यांचं उत्पन्न ४० कुठलं, २० रुपयेच असेल. बरं, २० धरा. मग ८०० गेले, १,२०० वाचले, दिवसाला ४०० रुपयांचा फायदा. पण रात्री साडेनऊची फेरी गेली, की त्या फेरीने घरी परतणारा माणूस सकाळी पावणेआठच्या भरलेल्या गाडीतही दिसेनासा होतो. त्याने हप्त्यावर दुचाकी घेतलेली असते. तो एकदा गेला की परत येत नाही, आणि त्याची दुचाकी तुमच्याच रस्त्यावर बसच्या पुढे उभी असते. हे ४०० रुपये वाचवून आपण काय विकत घेतलं, हे कुठल्याच विवरणपत्रात दिसत नाही.

मुंबईची गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिथे एकेकाळी या प्रश्नाचं फार चांगलं उत्तर होतं. ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेने बेस्टची जुनी कंपनी ताब्यात घेतली तेव्हा वीज आणि वाहतूक दोन्ही महापालिकेच्या छताखाली आली. विजेच्या कमाईतून बसची तूट भरून निघे. बिल भरणारा दुकानदार आणि बसने येणारं त्याचं गिऱ्हाईक यांच्यात एक न बोललेला करार होता म्हणा ना. २००३ चा विद्युत कायदा आला, विजेच्या धंद्यात स्पर्धा आली आणि बिलात बसचा भार कशाला, असं ग्राहक विचारू लागले. वीजबिलातून परिवहन तुटीसाठी घेतला जाणारा तो आकार वीज नियामक आयोग आणि न्यायालयांत अडकत गेला आणि शेवटी बंद झाला. ग्राहकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण एक खांब काढला तर दुसरा उभा करायला हवा होता, तो केला नाही. त्या जागी आली महापालिकेची मदत, ती दरवर्षी नव्याने मागायची. २०२५-२६ चं मुंबईचं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं आणि त्यात बेस्टसाठी १,००० कोटी. रुपयातला दीड पैसाही नाही. ज्या शहरात २०१० च्या सुमारास चार हजारांहून जास्त बस होत्या, तिथे आता थांब्यावरची रांग कुठवर जाते ते मुंबईच्या सभासदांना मी सांगायला नको.

तिकिटाचंही तसंच. ९ जुलै २०१९ ला बेस्टचं किमान भाडं आठ रुपयांवरून पाचवर आणलं. निर्णय चांगला होता, लोक परतही आले. पण तिकीट स्वस्त केल्याने जो फरक पडतो तो रोज कोण देणार, हे कागदावर बांधून घेतलं नाही. पुढे जवळजवळ सहा वर्षं भाडं तिथेच आणि मग ९ मे २०२५ ला पाचाचे एकदम दहा. पुण्यात तेच: २०१४ नंतर भाडेवाढ झाली ती थेट १ जून २०२५ ला, किमान पाचाचे दहा, मासिक पास ९०० चा १,५००. भाडेवाढीवर सही करायला कुणालाच आवडत नाही, म्हणून ती अकरा वर्षं होत नाही आणि होते तेव्हा भांडी घासणाऱ्या बाईच्या महिन्यातून सहाशे रुपये एका झटक्यात जातात. डिझेल, महागाई भत्ता यांना जोडलेलं साधं सूत्र ठरवून दरवर्षी आठ आणे-रुपया वाढवला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आणि ज्या वर्षी वाढवायचा नाही असं ठरेल, त्या वर्षी त्या आठ आण्यांचे पैसे महापालिकेने त्याच ठरावात द्यायचे. सवलतीच्या पासांनाही हाच नियम लावा. मोफत प्रवासाची घोषणा सभागृहात होते, टाळ्या सभागृहात वाजतात, आणि बिल आमच्या वहीत येऊन 'तूट' होतं. एसटीने २०२३ च्या मार्चपासून महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत दिली, तिची भरपाई देण्याचं निदान राज्य सरकारने कबूल तरी केलं. (तेच सरकार एसटीच्या तिकिटातून १७.५ टक्के प्रवासी करही घेत आलं आहे. एका हाताने वाढायचं, दुसऱ्या हाताने ताटातून उचलायचं. असो.)

पुण्याची रचना निराळी. पीएमटी आणि पीसीएमटी (पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या बससेवा) एकत्र करून २००७ मध्ये कंपनी केली, तुटीचा वाटा पुण्याचा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. कल्पना योग्यच, माणसं दोन्ही शहरांत ये-जा करतात, त्यांना हद्द दिसत नाही. पण दोन मालक म्हणजे दोन अंदाजपत्रकं, दोन लेखापरीक्षणं आणि दोन्हीकडून एकच प्रश्न: आमच्या हद्दीत किती फेऱ्या? दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपण उगाच नाही केली. त्यात कंपनीचे अध्यक्ष-व्यवस्थापकीय संचालक २००७ पासून डझनभराहून जास्त झाले. गाड्यांचं आयुष्य बारा वर्षं धरतो आपण, साहेबांचं दीड वर्षही भरत नाही. डेपो कुठे हवा हे समजायलाच एक पावसाळा जातो. तो समजेपर्यंत बदलीचा आदेश.

दिल्लीहून पैसा येतो, तो का पुरत नाही, हेही बोलायला हवं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसं हलवण्याला महत्त्व द्या असं स्पष्ट लिहिलंय. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-विकास योजनेतून २००९ नंतर देशभर हजारो बस दिल्या गेल्या. बस घ्यायला पैसे, चालवायला नाहीत. लग्नात हत्ती आहेर द्यावा तसं झालं. त्यातल्या किती गाड्या डेपोच्या मागच्या कुंपणाशी वेलींनी वेढलेल्या मी पाहिल्या आहेत. स्मार्ट सिटीच्या पैशातूनही बस आल्या. छत्रपती संभाजीनगरात २०१९ च्या जानेवारीत सुरू झालेली सेवा त्यातलीच. ते अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलं. बसला रोज सकाळी धावायचं आहे, अभियानाला नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पीएम ई-बस सेवा मंजूर झाली तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. १६९ शहरांसाठी १०,००० इलेक्ट्रिक बस, एकूण अंदाज ५७,६१३ कोटींचा, त्यात केंद्राचे २०,००० कोटी. मुख्य म्हणजे पहिल्यांदा दिल्लीने मान्य केलं की बस चालवायलाही पैसे लागतात. किलोमीटरमागे ठरावीक मदत, दहा वर्षं. पण बेरीज-वजाबाकी माझी सवय आहे: उरलेले ३७ हजार कोटींवर रुपये राज्यांनी आणि तुम्ही उभे करायचे आहेत. तुमच्यापैकी किती जणांनी बसच्या पहिल्या फेरीला हिरवा झेंडा दाखवण्याआधी पुढच्या दहा वर्षांचं हे कोष्टक मागवून पाहिलं?

मग २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आणखी एक योजना आली, ३,४३५ कोटींची, देयकांच्या हमीची. महापालिका किंवा परिवहन उपक्रमाने बस पुरवणाऱ्या कंपनीचे पैसे थकवले, तर ते त्या निधीतून दिले जातील आणि नंतर राज्याच्या खात्यातून वळते होतील. असा निधी काढावा लागला, याचा अर्थ तुम्ही पैसे थकवता हे आता दिल्लीतही गृहीत धरलं जातं. हिशेबनीस म्हणून मला ही योजना पटते. एक गोष्ट मात्र राहून गेली. कंपनीच्या बिलाला हमी मिळाली, थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या फेरीला अजून नाही.

आता कंत्राटाबद्दल. बहुतेक शहरांत आज 'ग्रॉस कॉस्ट' पद्धत आहे. बस ठेकेदाराची, चालक त्याचा, तिकिटाचे पैसे आपले, आणि त्याला किलोमीटरप्रमाणे द्यायचे. मी या पद्धतीच्या विरोधात नाही. लंडनच्या बस कितीतरी वर्षं खासगी कंपन्याच चालवतात. पण तिथे मार्ग, वेळापत्रक, तिकीट आणि कोणती फेरी किती उशिरा आली याची नोंद सार्वजनिक प्राधिकरणाच्या हातात असते आणि त्या नोंदीवर पैसे कापले-वाढवले जातात. आपण बस दिली आणि वहीसुद्धा देऊन टाकली. करारात रोज अमुक किलोमीटरची हमी असते. गाडी तेवढी धावली नाही, आणि दोष आपला असला, तरी ठरलेले पैसे द्यावेच लागतात. आपल्याकडे चार्जिंगची जागा तयार नाही म्हणून उभ्या राहिलेल्या गाड्यांचेही. उलट बाजूने, किलोमीटर भरायचे म्हणून दुपारी एक ते तीन रिकाम्या गाड्या फिरताना दिसतात आणि सकाळी आठला त्याच मार्गावर माणसं दारात लोंबकळतात. करारात किलोमीटर लिहिलेत, वेळ लिहिलेली नाही.

ठेकेदाराचा ठेकेदार आणि त्याचा चालक, अशी उतरंड असते तिथे सगळ्यात खालच्या मडक्यात काय राहतं ते पाहा. दोन महिने पगार नाही म्हणून सकाळी सहाला गाड्या डेपोतच राहतात, आणि उपक्रम म्हणतो आम्ही तर ठेकेदाराला पैसे दिले, ठेकेदार म्हणतो मला महापालिकेने दिले नाहीत. दोघंही कागद दाखवतात. कधीकधी दोघांचेही कागद खरे असतात, हे मी पाहिलेलं आहे. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात भाडेतत्त्वावरची बस गर्दीत घुसली, माणसं गेली. मग आठ दिवस सगळे चालकांच्या प्रशिक्षणावर बोलले. प्रशिक्षणाचे दिवस करारात लिहिता येतात. वेतन थेट चालकाच्या खात्यात गेल्याचा पुरावा दिल्याशिवाय पुढचं बिल निघणार नाही, हेही लिहिता येतं. कामगार कायद्यात मुख्य मालकाची जबाबदारी आहेच, तिची आठवण फक्त संपाच्या दिवशी होते.

बस वेगात धावली तर पैसे वाचतात, हे मात्र कुणी लेखा विभागाला विचारत नाही. ताशी १२ किलोमीटरने रखडणारी बस १५ ने धावली, तर त्याच गाडीत, त्याच चालक-वाहकांच्या त्याच आठ तासांत सव्वापट किलोमीटर होतात. शंभर गाड्यांचं काम ऐंशी करतात. एवढी बचत दुसऱ्या कशात मला दाखवा. त्यासाठी लागतो रंगाचा एक पट्टा आणि त्यावर उभी असलेली मोटार उचलायची हिंमत. पुण्याने २००६ मध्ये कात्रज ते हडपसर बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गाचा, प्रयोग केला, देशातल्या पहिल्यांपैकी. नगर रस्त्यावरची बीआरटी मात्र नंतर उखडून टाकली. रचनेत चुका होत्या, मान्य. पण चूक दुरुस्त करण्याऐवजी मार्गच काढून टाकला तेव्हा बसचा खर्च किलोमीटरमागे किती वाढला, याचं टिपण कुणी स्थायी समितीपुढे ठेवलं होतं का?

पैसे आणायचे कुठून, असं तुम्ही विचाराल, आणि तो प्रश्न रास्त आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, मुंबईची जकातही १ जुलै २०१७ ला गेली. आता जीएसटीच्या भरपाईकडे डोळे लावून बसावं लागतं, हे मला कळतं. पण मेट्रोसाठी वाट सापडलीच ना? मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे घर घेणारा माणूस मुद्रांक शुल्कासोबत मेट्रोसाठी १ टक्का अधिभार भरतो. मेट्रोच्या स्टेशनपर्यंत त्याला नेणार कोण? बसच. त्या अधिभारात बसचा वाटा मागणारा ठराव तुमच्यापैकी एका तरी सभागृहाने करून मंत्रालयात पाठवावा. फ्रान्समध्ये १९७१ पासून आधी पॅरिसला आणि मग इतर शहरांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त नोकर असलेल्या आस्थापनांकडून वाहतुकीसाठी वेगळी वर्गणी घेतात, पगाराच्या टक्क्यात. कामगार वेळेवर पोचण्याचा फायदा मालकाला आहे, तर त्यानेही थोडं द्यावं, एवढा सरळ विचार. आपल्याकडे आयटी पार्कवाले कर्मचाऱ्यांसाठी खासगी बसवर खर्च करतातच. म्हणजे पैसा आहे, फक्त तो वेगळ्या गाडीत बसतो.

तुमच्या स्वतःच्या हातातलं म्हणाल तर पार्किंग. रस्त्यावर मोटार लावायचे पैसे घ्या आणि ते वेगळ्या खात्यात ठेवा, ज्यातून फक्त बससाठीच खर्च होईल. नागरी वाहतूक निधी नावाचं असं खातं असावं, हे केंद्र सरकार जेएनएनयूआरएमपासून सांगत आलंय. काही ठिकाणी कागदावर ते उघडलंही गेलं. खातं उघडणं सोपं, त्यात दर महिन्याला काहीतरी पडणं अवघड. एक विनंती मात्र हात जोडून: डेपोच्या जमिनी विकसकाला देऊन त्या पैशातून पगार भागवू नका. ते बी-बियाणं भाजून खाण्यासारखं आहे. जमिनीवर इमारत बांधायची तर बांधा, पण खाली गाड्यांना जागा आणि वर येणारं भाडं कायम बसच्या खात्यात, असं लिहून घ्या.

आणि आता माझं मुख्य मागणं. 'संचलन तूट' हे लेखाशीर्ष अंदाजपत्रकातून काढा. त्याऐवजी महापालिकेने परिवहन उपक्रमाकडून किलोमीटर विकत घ्यावेत. तीन वर्षांचा करार करा: या शहराला रोज इतके किलोमीटर हवेत, या मार्गांवर, पहिली गाडी या वेळेला, शेवटची या वेळेला, सकाळी दर दहा मिनिटांना, रात्री दर अर्ध्या तासाला. त्याची किंमत काढा, अंदाजे तिकीट उत्पन्न वजा करा आणि उरलेली रक्कम बारा हप्त्यांत, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत आगाऊ द्या. उपक्रमाने फेरी रद्द केली तर त्या फेरीचे पैसे कापा, बिनदिक्कत कापा. उशिरा हप्ता दिलात तर त्यावर व्याज तुम्ही भरा. विनियोग दाखल्यावर सही नसेल तर सही मागवा, पैसे थांबवू नका.

मग सभागृहात जो प्रश्न येईल तो वेगळा असेल: काल किती फेऱ्या रद्द झाल्या आणि का? ही वही प्रत्येक डेपोत आजही असते. कंट्रोलर रोज लिहितो: गाडी नाही, चालक नाही, ब्रेकडाऊन, वाहतूक कोंडी. मी ती वर्षानुवर्षं पाहिली आहे, तिच्याइतकं शहराविषयी खरं बोलणारं दुसरं कागदपत्र मला माहीत नाही. ती लोकांना रोज दिसेल अशी लावा. आयुक्तसाहेबांना वाईट वाटेल असे पहिले तीन महिने जातील.

२०२२ पासून राज्यातल्या कितीतरी महापालिकांत सभागृहंच नव्हती, प्रशासक होते. तेव्हा विचारायला कुणी नाही, असं म्हणायची सोय होती. परिवहन समितीचं सभासदत्व अजूनही दुय्यम मानलं जातं, ज्याला स्थायीत जागा मिळत नाही त्याला तिथे बसवतात, हे आमच्या चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असे. तुमच्यात कुणाला खरोखर काम करायचं असेल, तर ती जागा मागून घ्या. गर्दी कमी असते, फायली भरपूर असतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, आता प्रवासी

ता. क. : आमच्या घराजवळच्या थांब्याला गेल्या महिन्यात नवीन शेड आली. स्टीलची बाकडी आहेत, दिवा आहे, मोबाइल चार्ज करायची सोयही आहे. वेळापत्रकासाठी काचेची सुंदर चौकट केली आहे, ती अजून रिकामी आहे. कागद मी घरी छापून लावायला तयार आहे. त्यावर कोणत्या वेळा टाकायच्या, तेवढं कळवावं.